बेडकाचे फेरफार

पुण्याहून आलेले गृहस्थ गाडी बघायला आले होते, पण फाटकातून आत शिरल्यावर ते सरळ दुधीच्या मांडवाकडे गेले. मांडवाच्या खांबाला तारांचं एक जुनं चाक टांगलेलं होतं आणि त्याच्या तारांमधून वेल वर चढला होता. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे ओरिजिनल आहे," ते म्हणाले. आवाज देवळातला होता.

"वेल ओढू नका," आई ओट्यावरून म्हणाली. "दुधी धरलीय."

त्यांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घातले आणि दुधीला धक्का न लावता चाकाला हात लावला. आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला आजवर कोणी हातमोजे घालून हात लावला नव्हता. वडील माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "डॉक्टर हाय काय गो?"

ते जुन्या गाड्यांचे जाणकार होते. माझ्या धाकट्या भावाने त्यांना मोबाइलवरून शोधलं होतं. भाऊ डोलवीच्या कंपनीत क्रेन चालवतो. रात्रपाळी संपल्यावर लोक झोपतात, तो जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघतो. रोह्याच्या आमच्या घरामागच्या शेडमधल्या गाडीचे फोटो त्याने पाठवले आणि आठवड्याभरात हे गृहस्थ हजर झाले. मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवते. रविवार होता आणि गाडी कागदोपत्री माझी होती, म्हणून मलाही बोलावणं होतं.

शेडमध्ये ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. वाकले, खाली झोपले, उठले. मधूनमधून सुस्कारे टाकत होते. प्रत्येक सुस्काऱ्याला वडील मान हलवत होते. जाणकार माणसाला काम आवडलं की तोंडातून शब्द फुटत नाही, असा त्यांचा समज दिसला.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. ती मुळात इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार होती. वडील धाटावच्या कारखान्यात फिटर. तिथला एक साहेब देश सोडून जाताना बंद पडलेली गाडी आंब्याखाली टाकून गेला आणि वडिलांनी ती दोरीने ओढत घरी आणली. त्यावर आई काय म्हणाली ते दोघंही सांगत नाहीत.

दोन माणसांच्या गाडीचा दोष असा, की तिसरं माणूस जन्माला येतं. मी आईच्या मांडीवर मावत होते तोवर चाललं. भावाच्या वेळी वडिलांनी गाडीची पाठ कापली आणि आत लाकडी बाक बसवलं. आईचं माहेर धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरवाल्यांचं. तिथे जायचा रस्ता म्हणजे बांध. त्यावर गाडीचं पोट घासायला लागलं, म्हणून खाली जीपचे पाटे आणि जीपची चाकं आली. तारांची चाकं कशाकशाला उपयोगी पडली. त्यातलं एक दुधीला. गाडी उंच झाली तसा मामा येताना मिठाची पोती घालून द्यायला लागला. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे मिठानेच गाडी खाल्ली. तळाचा पत्रा गेला, तिथे फळ्या बसल्या.

मग इंजिन दमलं. वडिलांनी मोडीतल्या जीपचं डिझेल इंजिन आणलं. ते उंचीला जास्त, त्यामुळे बॉनेट लागेना. त्याला फुगवटा हवा होता. आता, इतर ठिकाणचा माणूस अशा वेळी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जाईल. पण पेण तालुक्याच्या आसपास गोल, गुळगुळीत, फुगीर असं काही करून हवं असेल तर माणसाच्या डोळ्यांपुढे एकच पत्ता येतो. वडील गाडी घेऊन जोह्याला गेले. तिथे त्यांचे एक दोस्त गणपती करायचे. त्यांचा रंगाचा कंप्रेसर वडील दुरुस्त करून देत. दोस्तांनी जाळी वाकवली, तिच्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेला काथ्या थापला आणि गाडीला नाक केलं. पहिल्या पावसात ते नागोठण्याजवळ गळून रस्त्यावर पडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी वरून फायबर चढवलं. आतून मात्र मजबुतीसाठी काथ्या आणि प्लास्टरच. रंग फवारायचा म्हणून त्यांच्याकडे मूर्तीच्या अंगाचा जो होता तोच फवारला आणि काही महिने आमची गाडी पुढून गणपतीच्या कांतीची आणि मागून हिरवी होती. नंतर सगळीच हिरवी केली. पण दिव्यांच्या वर पापण्यांची कमान काढायचा मोह त्यांना आवरला नव्हता, ती राहिली. आळीतल्या पोरांनी गाडीला बेडूक म्हणायला सुरुवात केली आणि ते बरोबर होतं.

वर टेम्पोचं हूड आलं, मागे पायरी आली. आरटीओच्या कागदावर ती अजून दोन माणसांची, पेट्रोलवरची, बिनछपराची गाडी आहे. सरकारी कागदाइतकं नीट जतन आपल्याकडे दुसऱ्या कशाचं होत नाही.

काही वर्षांपूर्वी वडिलांनी राहत्या घराची जागा भावाच्या नावावर केली. भांडण नको म्हणून गाडी माझ्या नावावर. जागेसाठी वडिलांनी तहसील कचेरीच्या इतक्या फेऱ्या मारल्या, की शिपाई त्यांना पाणी न मागता द्यायचा. खिडकीमागचा माणूस दर वेळी एकच सांगे: "जुने फेरफार काढून आणा." जमीन हातबदल झाली की तलाठ्याकडे नोंद होते, तो फेरफार, आणि त्याची नक्कल मिळवायची, म्हणजे तो काढायचा. आमच्याकडे जमिनी कंपन्यांना, रस्त्याला, भावाभावांत इतक्या वाटल्या गेल्यात, की हा शब्द पोरांनाही येतो.

त्यानंतर वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघा धरला, आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. वडील खुर्चीत बसले. टीव्ही चालू असायचा, पण मालिका संपून जाहिरात लागली तरी त्यांचा चेहरा तोच. जेवायला आईने तीन हाका मारायच्या, हा नेम झाला. दोघांपैकी कोण आधी गंजतंय, एवढंच बघायचं उरलं होतं.

तर गृहस्थ आत काही बोलले नाहीत. फाटकाबाहेर, स्वतःच्या अगदी नव्या गाडीशी आल्यावर त्यांनी मला आणि भावाला थांबवलं.

"वडिलांना लागेल म्हणून आत बोललो नाही. पण हा खून आहे. तिच्यात ती उरलीच नाहीये."

"वाचेल का?" भावाने विचारलं.

"वाचवता येईल. सगळं उतरवायचं, मूळ भाग मागवायचे, पुन्हा पहिल्यासारखी करायची. माझं वर्कशॉप आहे. अर्धं मी करतो. बदल्यात दर हिवाळ्यात ती आमच्या मेळाव्यात उभी राहील. संक्रांतीपर्यंत सांगा. आणि नाही म्हणालात तरी एक ऐका, डाव्या बाजूने चासी गेलीय. अशीच ठेवलीत तर एक दिवस मधोमध मोडेल."

मेळाव्याचा व्हिडिओ भावाने मला दाखवला होता. ओळीने जुन्या गाड्या, फेटे बांधलेले मालक, उशिरा आलेले प्रमुख पाहुणे आणि प्रत्येक गाडीला 'महाराणी' म्हणणारा निवेदक. एका ठिकाणी एवढे फेटे दिसले, की मला पावतीपुस्तक कोणाच्या हातात आहे ते शोधावंसं वाटतं. पण माझी अडचण वेगळी होती. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, की आपण जीर्णोद्धार म्हणतो आणि दगड काढून टाइल बसवतो, वर देणगीदारांची पाटी. इथे उलट होतं. टाइल काढून दगड बसवायचा होता. तत्त्वतः माझा पाठिंबा असायला हवा होता.

भावाला मात्र काही अडचण नव्हती. "ताई, माझ्या जन्मापायी तिची पाठ कापली. मी तिला धड कधी बघितलीच नाय. एकदा बघायचीय, बाबांनी पहिल्यांदा बघितली तशी."



"मग बाबांना सांग तसं," मी म्हटलं.

"मी? गाडी तुझ्या नावावर हाय."

"घर तुझ्या नावावर आहे. घरातला माणूस तुझ्याकडे येतो."

असा प्रश्न आम्ही तहसीलच्या पद्धतीने एकमेकांच्या टेबलावर सरकवत राहिलो. शेवटी पुढच्या रविवारी मी सकाळची एसटी पकडून रोह्याला गेले. सांगायचं ठरवूनच गेले. वाक्यं तयार होती. 'बाबा, तुम्ही जे केलंत ते त्या वेळी बरोबर होतं' अशी सुरुवात होती. इतिहासाच्या शिक्षकांना ही सुरुवात कुठेही वापरता येते.

खुर्ची रिकामी होती.

"शेडात हाय," आई म्हणाली. "सकाळपासून. च्या प्यायला स्वतः आला, स्वतः गेला. मला वाटलं, कोणाला तरी चुकून घरात घेतलं."

वडील कंपनीचा जुना निळा शर्ट घालून गाडीच्या मागच्या बाकावर बसले होते आणि फडक्याने बाकाची कडी पुसत होते.

"काय करताय बाबा?"

"फेरफार काढतोय."

"कसले?"

"गाडीचे. त्या पुण्याच्या साहेबांचा फोन आलेला. तुझा भाऊ पाळीला, म्हणून मला केला. म्हणाला, काका, गाडीत फार फेरफार झालेत. पुढल्या टायमाला येईन तेव्हा सगळेच्या सगळे काढायला लागतील. अगदी पहिल्यापासून." वडिलांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा बघितला नव्हता. "एवढी वर्षं झाली, कोणी विचारलं नाय गो. आरटीओने नाय, कोणी नाय. हा माणूस पहिला, ज्याला सगळी नोंद पायजे."

मला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर बसावंसं वाटलं. बसायला तेच बाक होतं.

"हे बाक," वडील म्हणाले, "तुझा भाऊ झाला त्या सालातलं. कापताना तुझी आय दारात उभी राहून रडत होती."

"रडत नव्हते," आई मागून येत म्हणाली. "डोळ्यांत ठिणगी गेली होती."

"जोह्याच्या दोस्ताला पण बोलावलाय. नाकाचं तोच सांगेल. पंच नको? आणि फेरफाराला हरकतीची मुदत असते. कोणाची हरकत नाय, हे चार जणांत झालं पायजे."

"माझी हरकत हाय," आई म्हणाली. "गाडी आणली त्या दिवसापासूनची."

"ती मुदतीत नोंदवायची असते."

आई हसली. आईला त्यांच्या बोलण्यावर हसताना बघून मी माझी तयार वाक्यं गिळली आणि वर चहा प्यायले. पुण्याच्या गृहस्थांना 'काढायचे' म्हणजे उतरवून फेकायचे होते, आणि वडील घरात पुन्हा चालू झाले होते ते त्याच एका शब्दावर. तो शब्द मी काढून घेतला तर ते परत खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत, हे मला कोणी सांगायला नको होतं. संध्याकाळच्या गाडीने तशीच परत आले. भावाला फोन केला.

"सांगितलंस?"

"नाही."

"मग आता?"

"तो खर्चाचा अंदाज घ्यायला येणार आहे, तेव्हा त्यालाच फाटकाशी गाठू. समजावू. बाबांशी आधी बोलू नका म्हणू."

बेत चांगला होता. पण पुण्याची माणसं सांगितलेल्या वेळेआधी येतात, हे मी विसरले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी रोहा स्टँडवरून घरी पोचले तेव्हा ती नवी गाडी फाटकाशी उभी होती आणि शेडमधून वडिलांचा आवाज येत होता, खणखणीत.

आत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर वडील, इस्त्रीच्या शर्टात. दुसरीवर जोह्याचे मूर्तिकार काका, डोक्यावर टोपी, हातात काठी. भाऊ भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता, त्या नजरेत 'उशीर' एवढा एकच शब्द होता. गृहस्थ हातात खडू घेऊन गाडीभोवती फिरत होते. जे काढायचं त्यावर फुली मारत होते. त्यांच्या मेकॅनिकच्या हातात पाने आणि पटाशी होती.

बाकावर फुली पडली. "हां, घ्या नोंद," वडील म्हणाले. "साग हाय. खालचं वेल्डिंग माझं, वरची घडण सुताराची."

हुडावर फुली. "टेम्पोचं. शिवलंय मंडपवाल्याने. त्याला पण बोलवणार होतो, पण लग्नाची तारीख हाय त्याची."

"स्वतःच्या?" मेकॅनिकने विचारलं.

"नातीच्या."

गृहस्थ गोंधळले होते. ज्याच्या घरी आपण तोडफोड करायला आलो तो माणूस आपल्याला इतकी मदत का करतोय, हे त्यांना उमगत नव्हतं. पण भिडस्त असावेत. फुल्या मारत राहिले. नाकापाशी आले, बोटांनी ठोकलं. डब असा आवाज आला. मेकॅनिकने पटाशीने कडेला खरवडलं आणि खालून पांढरी भुकटी गळली. भुकटीमागोमाग काथ्याची शेंडी बाहेर आली.

"हे काय आहे?"

"प्लास्टर," मूर्तिकार काका म्हणाले. "आणि काथ्या."

"गाडीला?"

"मग काय शाडू लावू? पावसात विरघळंल."

"पहिल्यांदा प्लास्टर पण टिकलं नव्हतं," वडील प्रामाणिकपणे म्हणाले. "नागोठण्याला पडलं. तो फेरफार वेगळा."

गृहस्थ पोत्यावर बसले. "मी गाड्यांमधून सिमेंट काढलंय. डांबर काढलंय. एकीत तर घुशीचं बीळ होतं. काथ्या..." आणि ते हसायला लागले. वडीलही हसले. हे असंच निभावेल, असं मला एक क्षण वाटलं. नाकाच्या बाजूने बोलायचं मी मनाशी ठरवलंच होतं: या तालुक्यात घडलेलं, या तालुक्याच्या हातचं, इंग्रजी गाडीला मिळालेलं देशी नाक. ते फेकणं म्हणजे इतिहास फेकणं वगैरे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले,

"काढा ते. आधी ते काढा."

"अरे?" वडील म्हणाले.

"दादा, शिकत होतो तेव्हा मी. नाक बसकं झालंय, डोळे एका पातळीत नायत. दर वर्षी तुम्ही त्यातूनच मूर्ती न्यायला यायचात अन् माझ्या कारखान्यातली पोरं मला विचारायची, ह्ये तुमच्याच हातचं ना? मी आत जाऊन बसायचो. इतक्या मूर्ती पाण्यात गेल्या, त्या वाईट होत्या की चांगल्या, कोणाला दिसत नाय. हे एकच काम माझं बुडालं नाय, आणि नेमकं हेच."

माझं भाषण तिथेच संपलं. वारसा ज्याचा, त्यालाच तो नको होता.

"काढा म्हणजे?" वडिलांनी सावकाश विचारलं. मग गृहस्थांकडे वळले. "काढायचं म्हणजे, काढून टाकायचं?"

"हो काका. फोनवर बोललो होतो ना. सगळे फेरफार काढायचे."

वडिलांनी गाडीकडे बघितलं. बाकावर, हुडावर, पायरीवर, चाकांवर, दिव्यांवर पांढऱ्या फुल्या होत्या. फुली नसलेली जागा शोधावी लागत होती.

"मला वाटलं, नोंदी घेताय," ते म्हणाले, आणि बसले.

आई दारात येऊन उभी होती. मग मीच गृहस्थांना तहसीलचं सगळं सांगितलं. फेरफार काढणं म्हणजे आमच्याकडे काय, आणि वडील गेले दोन-तीन आठवडे काय करत होते. बोलताना मला वाटलं, हा माणूस आता हसला तर सगळं संपेल. ते हसले नाहीत. त्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले.

"चूक माझी," ते म्हणाले. "माझीही जमीन आहे थोडी. मला हे कळायला हवं होतं." आणि वडिलांसमोर पोतं ओढून बसले. "काका, खरं सांगा. तुम्ही ती आणलीत त्या दिवशीची गाडी तुम्हाला आठवत नाही? ती रेषा, ते नाक?"

"आठवते ना. लय देखणी होती." वडील थांबले. "चालत नव्हती."

भाऊ फिस्सकन हसला.

"पण परत तशी करता येईल. चालतीसुद्धा. दोन माणसांची."

"दोन कशाला? आम्ही दोन कुठं हाव?" वडिलांनी आमच्याकडे हात केला, त्यात मूर्तिकार काकाही आले. "आणि साहेब, फेरफार खोडत नायत. चुकीचा असला तरी खोडत नायत. त्याच्यावर नवा घालतात. तुम्हाला पायजे तर तुमचा घाला. पण आधीचे राहणार."

तर्क म्हणून हे शंभर टक्के पक्कं नव्हतं. गाडी म्हणजे जमीन नव्हे. गृहस्थांनाही ते कळत होतं. ते उठले, मेकॅनिककडून स्क्रूड्रायव्हर घेतला, वडिलांचा हात धरून त्यांना डाव्या बाजूला नेलं आणि खाली वाकून चासीत तो टेकवला. जोर लावला नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"हा फेरफार मिठाने घातलाय," ते म्हणाले. "हाही ठेवायचा?"

वडिलांनी त्या भोकात बोट घातलं. बाहेर काढलं तेव्हा बोटावर तांबडा चुरा होता. "ह्याच्यावर पोरं बसवली मी," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

"ब्रेक दाबून बघितला मघाशी. लागत नाही. शेवटी शेवटी थांबवत कसे होतात?"

"गियर टाकून," वडील म्हणाले. मग खरं बोलले. "आणि माणसं ओळखीची हायत. बाजूला होतात."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाव माझं होतं. इतक्या वर्षांत त्या कागदाचा मला झालेला हा पहिला उपयोग, आणि तो नेमका नको तेव्हा. मला अजूनही वाटतं, की एखादी वस्तू मुळात होती तशी एकदा तरी बघायला मिळावी. पण समोर एक माणूस बसला होता, ज्याला खुर्चीतून उठवायला एक चुकीचा समज लागला होता, आणि तो समज आता गेला होता. तरी तो बोटावरचा गंज हुंगून बघत होता. विचार करत होता. म्हणजे अजून चालू होता.

"चासी आणि ब्रेक आधी," मी म्हटलं. "ते साहेब सांगतील तसंच, त्यात कोणाचं काही चालणार नाही. बाक राहील. हूड राहील. नाक काका म्हणतात तर नवीन करू."

"मग ती आमच्या मेळाव्यात बसणार नाही," गृहस्थ म्हणाले. रागाने नाही, डॉक्टर सांगतात तसं. "ती कुठल्या वर्गात घालू?"

"कुठल्याच नको."

"अर्ध्या खर्चाचं मी बोललो होतो, तेही मग..."

"ते धरलंच नाही."

भावाचा चेहरा पडला. गृहस्थांनी ते बघितलं असावं. स्वतःच्या गाडीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातलं पान त्याच्यासमोर धरलं. त्यावर तीच गाडी होती, हिरवी, खाली बसलेली, लांब नाकाची. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मूर्तिकार काका काठी टेकत उठले, त्याच्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "असं होतं होय मूळ? मग तू मला सांगायचं नाय का दादा, तेव्हा?"

"मी हाताने दाखवलं होतं तुला," वडील म्हणाले.

"हाताने! हाताने दाखवून कोणाचं नाक होतं?" त्यांनी भावाला पानाचे मोबाइलवर फोटो काढून घ्यायला लावले. आधी पुढचं चित्र, मग बाजूचं. "फुगवटा ठेवायला लागंल, इंजिन उंच हाय. पण पुढचं टोक असं खाली घेऊ. दिवे सरळ. पापण्या नायत. पोरा, तुला पायजे तसं जमंल अर्धं."

"अर्धं चालेल," भाऊ म्हणाला.

गृहस्थ निघाले. आईने त्यांना तिळगूळ दिला, संक्रांतीला अजून वेळ असताना. म्हणाली, "घ्या, मग भांडायला मोकळे." ते गोड बोलले, पण गाडीला शेवटचा हात लावताना त्यांनी पुन्हा एक सुस्कारा टाकला. या वेळी वडिलांनी मान हलवली नाही.

त्यांनी या कामाला आपलं नाव लावायचं नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. पण त्यांचा मेकॅनिक सुट्टीच्या दिवशी येतो. चासीच्या डाव्या अंगाला नवं पोलाद बसलंय. त्यांना सांगून येतो की न सांगता, ते आम्ही विचारलेलं नाही. ब्रेकचे भाग एका खोक्यातून आले, पाठवणाऱ्याचं नाव नसलेल्या.

मूर्तिकार काका सध्या रोह्यात लेकीकडे मुक्कामाला आहेत आणि रोज सकाळी शेडमध्ये येतात. आधी मातीत नाक करायचं, ते पसंत पडलं की साचा, मग फायबर. काथ्या नाही, तो वडिलांना हवा होता, त्यावरून दोघांचं एक दिवस बोलणं बंद होतं. मातीचं नाक आतापर्यंत तीनदा मोडून झालंय. एकदा काकांना बसकं वाटलं, एकदा वडिलांना उर्मट वाटलं, तिसऱ्यांदा भावाने पाळीवरून येऊन पुस्तकातल्या पानाच्या फोटोशी ताडून बघितलं आणि दोघांनाही एकदम नापास केलं. वडील खुर्ची शेडमध्ये घेऊन गेलेत, पण तिच्यावर हत्यारं ठेवतात. आई म्हणते, आता जेवायला पाच हाका माराव्या लागतात. तक्रारीच्या सुरात म्हणते.

परवा काकांचा शाडू संपला. त्यांच्या मुलाने जोह्याहून येऊन पेण स्टँडवर माझ्या हाती एक पोतं दिलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. मी ते रोह्याच्या एसटीत पायाशी ठेवलं. आमटेमच्या आसपास कंडक्टर आला, पोत्याकडे बघून थांबला.

"मॅडम, गणपती? एवढ्या लवकर?"

"नाक आहे," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "नाकाला तिकीट नाय," तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला.